मधली खोली, वरची खोली

“हॉल कॉमन, किचन कॉमन, इथपर्यंत भोत सही, आत्या! आता मधली खोली?” संहितानं पेनाचाच माइक करून लीलाआत्याच्या तोंडासमोर धरला.

आत्यानं आपल्या कॉटकडे पाहिलं. पायथ्याशी सगळ्यांचे इस्त्रीचे कपडे, उशाला भाच्याची, शंतनुची, बॅट.

“कॉमन.”

“अगं, तू झोपतेस ना इथं? मग प्रायव्हेट!”

“बाथरूमला सगळे कुठून जाता? माझ्या पायाजवळून. कॉमनच झालं ना मग.”

संहिता खो खो हसली. आत्याही हसली. हसणारच, संहिता जन्मायच्या आधीपासून ती त्याच रस्त्यात झोपत होती.

सुदामा नगरातल्या या घराच्या गच्चीवरची खोली भाड्यानं जाणार होती. भंवरकुआं भागात कोचिंगसाठी आलेली केरळची मुलगी, हिंदीचा पत्ता नाही. संहिताचे आईबाबा, अरविंद अन् सुनीता, दिवसभर ऑफिसात. मग भाडेकरणीशी बोलणार कोण? आत्या! म्हणून नववीतल्या संहिता मॅडमचा हा इंग्रजीचा क्लास.

खरं तर ती खोली आत्यानंच माणसात आणली होती. मल्हारगंजच्या पाळणाघरातून रिटायर झाल्यावर तिनं तिथली अडगळ काढली, भिंती रंगवल्या, जुन्या माहेश्वरी साडीचा पडदा शिवला. आता आपली कॉट वर न्यायची, एवढंच मनात. ते मनातच राहिलं. एकदा जेवताना अरविंद म्हणाला, “ताई, काय मस्त खोली काढलीस यार! भाड्यानं देऊन टाकू?”

आत्यानं त्याला आणखी एक पोळी वाढली.

रविवारी मुलगी आणि तिची आई आल्या. आत्या कडक इस्त्रीच्या साडीत, पुढे. मागे अख्खं घर.

“धिस इज हॉल. कॉमन. धिस इज किचन. कॉमन. प्लीज, ईट पोहे.”

संहितानं मागून अंगठा दाखवला. वरात जिना चढून गच्चीवर पोचली. आत्यानं कडी काढली. पडदा वाऱ्यानं फुगून आत गेला.

“धिस इज...”

‘फॉर यू,’ संहितानं नुसते ओठ हलवले.

“धिस इज प्रायव्हेट,” आत्या म्हणाली. “माय.”

खालून कचरागाडी आपलं गाणं वाजवत गेली.

“व्हेरी नाइस रूम, आंटी,” मुलीची आई हसली. “अँड अवर रूम?”

आत्याच्या तोंडचं पाणीच पळालं. “सॉरी, सॉरी! मिस्टेक! फॉर यू, फॉर यू!” ती भिंतीला चिकटून बाजूला झाली.

अरविंद पडद्याकडे बघत होता. ती साडी त्यानं ओळखली. त्याच्या लग्नात ताई तीच नेसली होती.

“मिस्टेक नाही, ताई,” तो हळूच म्हणाला. मग सुनीताकडे वळला, “अपन यांना हॉल देऊ. दारही वेगळं आहे.”

“आणि पाहुणे आले तर?”

“मधल्या खोलीत बसतील. कॉमनच आहे ना ती.”

सुनीतानं आत्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. “चला, आधी कॉटवरचे कपडे उचलते. कॉट वर जाईल कशी?”

मुलीला हॉल आवडला. संध्याकाळी अरविंद आणि शंतनुनं ‘भिया, डावीकडे! भिया, सांभाळून!’ करत कॉट वर चढवली.

सगळे खाली गेल्यावर आत्या त्या कॉटवर नुसती बसून राहिली. दार लोटलेलं. टकटक झाली. शेजारी कुणाकडे कोणी आलं असेल, तिला वाटलं.

पुन्हा टकटक.

“आत्या, मे आय कम इन?”

‘ये’ म्हणायला आत्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. ती उठली. साडी सारखी केली, केसांवरून हात फिरवला, चादरीची सुरकुती काढली. मग सावकाश दाराकडे निघाली.

बाहेर चहाचा कप धरून संहिता शहाण्यासारखी उभी होती. चहावर साय धरत होती.