मालकाच्या हातची वीट

कडूबाने बादलीतून वीट काढली, निथळू दिली आणि नानासाहेबांपुढे धरली.

"ठेवा."

"मी?" शाळा समितीचे अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. अंगावर आजच घडी मोडलेला पांढरा शर्ट होता. "मिस्तरी तू का मी?"

"पहिली वीट मालकाच्या हातची. चाळीस वर्षं हीच रीत हाये माझी."

रीत खरी होती, पण घराच्या पायाची. दार बुजवायला कुणी मालकाचा हात मागत नाही, हे कडूबालाही पक्कं ठाऊक होतं. काल ठेकेदाराने पडेगावच्या शाळेचं मागचं दार बुजवायचं म्हणून सांगितलं होतं. तिसरीत शिकणारी त्याची नात सोनिया त्याच दाराने यायची. मागची अख्खी गल्ली त्याच दाराने यायची. ते बुजलं की पोरांना वळसा घालून दौलताबादच्या रस्त्याने मोठ्या फाटकाशी यावं लागणार, आणि त्या रस्त्यावरच्या गाड्या कुणाच्या बापासाठी थांबत नाहीत. नाही म्हणावं तर ठेकेदार दुसरा मिस्तरी आणणार. म्हणून कडूबाने काम घेतलं होतं, ते अडवायचं ठरवूनच.

"शाळा काय माझी हाये का?" नानासाहेब म्हणाले. दारापलीकडे गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "मी नुसता नावाचा अध्यक्ष. शाळा सरकारची."

"मग सरकारनं ठेवावी."

कडूबाने वीट हिमांशूकडे वळवली. हिमांशू कार्यालयातून आलेला तरुण इंजिनिअर. शाळेला एकच प्रवेशद्वार ठेवायचं, असा आदेश होता आणि बुजवलेल्या दाराचा फोटो त्याला संध्याकाळपर्यंत वर पाठवायचा होता.

"काका, मी फक्त फोटो काढणार. आटपा ना, माल घट्ट होतोय."

"होऊ द्या."

घमेल्यातला सिमेंटचा माल खरंच घट्ट होत चालला होता. कडूबाने त्यावर पाण्याचा थेंब शिंपडला नाही. कालवलेला माल वाया जाताना बरं वाटायची त्याची ही पहिलीच वेळ. हुकूम सगळ्यांनी सोडायचा आणि हात कुणी लावायचा नाही, याचा त्याला मनापासून राग होता. आज तोच राग कामाला येत होता.

तेवढ्यात चौथीच्या वर्गातून मुख्याध्यापिका मनस्विनीबाई बाहेर आल्या. खडूचे हात रुमालाला पुसत त्या सरळ दारापाशी गेल्या.

"इकडे द्या ती वीट. दार बंद करा म्हणून कार्यालयाला पत्र मीच लिहिलं होतं. मालक हवाय ना? मी आहे."

इतर दोघे हात झटकणार हे कडूबाने बरोबर हेरलं होतं. बाई पुढे येतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. वीट त्यांच्या हातात गेली.

"बाई," तो म्हणाला, "माझी सोनिया ह्याच दारानं येती."

"माहीत आहे मला. गेल्या महिन्यात तो माणूसही ह्याच दाराने आला होता. नळापाशी दोन मुलींना जवळ घेऊन मोबाईल दाखवत होता. आणि मी फळ्यावर भागाकार लिहीत होते, कडूबा. मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून मी धड झोपलेली नाही."

भीती खोटी नव्हती. त्या दिवशी कडूबाही हातातली थापी टाकून पळत आला होता.

"पर त्याला धरलं कुणी?" त्याने विचारलं. "ह्या भागूबाईनं. समोरच्या ओट्यावर लसूण सोलत व्हती. अनोळखी माणूस आत शिरताना दिसला अन् तिनं गल्ली गोळा केली. मोठ्या फाटकानं आला असता तर कोण बघणार व्हतं त्याला?"

बायांच्या घोळक्यातून भागूबाई पुढे आली.

"मी तर रोजच बसते की तिथं," ती म्हणाली. "पण मधी भिंत घातली तर मला आतलं काय दिसंल, बाई?"

मनस्विनीबाई चौकटीत उभ्या राहिल्या. समोर गल्ली होती, पंधरा पावलांवर भागूबाईचा ओटा. मागे वळून त्यांनी नळाकडे पाहिलं. ओल्या विटेचं लाल पाणी त्यांच्या मनगटावरून साडीवर उतरत होतं.

हिमांशूने मोबाईल वर धरला. "मॅडम, जरा खाली वाका. वीट ठेवतानाच घेतो."

बाई वाकल्या नाहीत.

"कडूबा, चौकट किती रुंद आहे?"

"चार फूट असंल."

त्यांनी वीट त्याच्या हातात परत दिली. "ऑफिसातलं माझं टेबल इथे आणू. चौथीचा वर्गही इथेच, व्हरांड्यात घेईन."

"मॅडम, आदेश आहे," हिमांशू म्हणाला. "मी वर काय कळवू?"

"मी ऐकलं नाही म्हणून कळवा."

"नोटीस येईल, बाई," नानासाहेब हळूच म्हणाले. "तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ द्या. सही करून घेईन. टेबल इथेच असेल." बाई कडूबाकडे वळल्या. "उभं लावलं तर बाजूने मूल आत येईल?"

कडूबाने टेप काढली नाही. चौकटीला कोपर टेकवून त्याने आडवा हात धरला आणि बोटांच्या टोकापर्यंतची जागा पाहिली.

"येईल. दप्तरासकट येईल," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "पर एका टायमाला एकच."

"एकच हवं," बाई म्हणाल्या. "तोंड बघून आत घेईन."