पट्टीनं आखलेला डाग

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. गिऱ्हाईक उंबऱ्यातून आत येईपर्यंत ती नजरेनंच त्याचं माप घेते. नऊ वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, मग किरणोपचार. ते संपल्यावर तिनं त्या विषयाला असं कुलूप घातलं, की ते उघडायची घरात कुणाची टाप नव्हती. म्हणूनच परवा खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन करायला गेली, तेव्हा फॉर्मवर ‘पूर्वीचे आजार’ यासमोर ठसठशीत लिहून आली: नाही.

रिपोर्ट आला: डाव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग, गाठीची शंका.

तीन दिवसांत दिरानं सात वेळा चहा केला आणि एकदाही प्यायला नाही. मी मोजत होते. जाऊचं मशीन चालूच होतं, फक्त नवीन कपडा ती घेईना. “वेळेत देता आला नाही तर?” एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं तिच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिपोर्टवर छापलेलं ते ‘नाही’ वाचून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“पूर्वी काहीच नाही? मग मी तेव्हा काय भाजी निवडत होते?”

“झालं गेलं ते कशाला लिहायचं, म्हटलं.”

“स्कॅन पाहणाऱ्याला ते ठाऊक नसलं, की तो शंकाच लिहिणार.”

बाईंनी नवा स्कॅन पडद्यावर लावला आणि शेजारी चार वर्षांपूर्वीचा. जाऊ पुढे वाकली.

“बाई, ह्याची कड बघा. पट्टी ठेवून खडूनं आखल्यासारखी. अंगात आपोआप काही इतकं सरळ वाढतं?”

बाई हसल्या. “बरोबर पकडलंत. छातीला किरण दिले, त्यांची झळ फुफ्फुसाला जिथवर लागली, तिथवरच हा व्रण आहे. चार वर्षांपूर्वीही एवढाच होता, बघा. वाढलेला नाही.”

“म्हणजे परत... आलेलं नाही?” दिराचा आवाज चिरकला.

“तसं दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा पाहू, म्हणजे माझीही खात्री. खोकल्याला औषध लिहून देते.”

जिन्यात दीर कठड्याला धरून लहान मुलासारखा रडायला लागला. वर येणारी दोन माणसं त्याला पाहून चटकन बाजूला सरली. जाऊ तिथेच पायरीवर बसली आणि त्याचा सदरा खाली ओढत दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, पुरे की! लोकांना वाटेल, काहीतरी निघालं.”