भावनाचं पुढचं चाक

“तृप्तीचं चाक पंक्चर झालं, तर तुझं काढून दे. इचारत बसू नको.” आमच्या संघाला शिकवणाऱ्या सर्जेराव सरांनी भावनाला सांगितलेले हे शब्द मी अजून विसरलेलं नाही.

मित्रांनो, मी शर्यतीच्या सायकलचं एक जुनं चाक आहे. कुंभार पिंपळगावात राजानंद मिस्त्रींनी आपल्या लेकीसाठी, भावनासाठी, माझ्या तारा एकेक करून ओवल्या. आता मी त्यांच्याच भिंतीवर असतं. सांजवात झाली की भावनाची आई मला पुसते. एवढी माया पुरते हो आम्हाला.

ती शर्यत तीन दिवसांची होती. तिन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज करायची, जिची सगळ्यांत कमी ती जिंकणार. म्हणून संघातल्या एकीला जपायचं आणि बाकीच्यांनी तिच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. जपायचं होतं तृप्तीला. पण पहिला दिवस संपला, तेव्हा वारा खाऊनही भावना तिच्या नऊच सेकंद मागे होती.

तेव्हापासून तृप्तीची नजर मला बरी वाटेना. दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीहून राजूरला निघताना तिनं मला बोटानं फिरवून पाहिलं. “बिलकुल आवाज न्हाई याला,” म्हणाली. कशाला पाहावं?

राजूर पाच किलोमीटर उरलं आणि तिनं हात वर केला. पंक्चर. आमच्याकडे पाठ करून ती आपल्या चाकावर वाकली, जरा जास्तच वेळ. हवा गेल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तिनंच सोडली असेल का?

जादा चाकं असलेली संघाची गाडी मागे बंद पडली होती. भावनानं मला काढून दिलं.

“बाबांनी बनवलेलं हाये.”

“पोचले की आणून देते. तू चालत राह्य.”

“हार पडला गळ्यात, की इसरशील मंग,” भावना हसून म्हणाली. पण पहिलीच्या मागून अर्ध्या तासात रेषा ओलांडली नाही, तर ती शर्यतीतून बाद होती.

तृप्ती पहिली आली. मला वाटलं, संपलं. लोक जमले, हार आला. सर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “खरं सांग, पंक्चर झालं होतं का?”

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपून परत करावी. आणि माझ्यासारखं उगाच कुणाविषयी मन काळं करू नये.

तृप्तीनं खिशातून बाभळीचा लांब काटा काढला, सरांच्या तळहातावर ठेवला आणि सायकल आल्या वाटेनं वळवली.