तरसाचं जुनं बीळ

बाबा पार्किंगच्या फाटकाशीच अडले. पिशवी खाली ठेवेनात, आत येईनात. मुकुंदवाडीची खोली सोडून माझ्याकडे राहा, म्हणून मी दोन वर्षं मिनतवाऱ्या केल्या होत्या. मी चिडलेच. लेकीच्या घरी राहायचा कमीपणा वाटतो का, असं तोंडावर विचारलं.

"तसं नाय करुणा," ते म्हणाले. "चिकलठाण्याला म्हणालीस, पण ह्या जागी घर घेतलंस व्हय?"

बाबा जंगल खात्यात वनरक्षक होते. लांडगा आणि तरस यांतला फरक त्यांनी मला पाढ्यांसारखा पाठ करवला होता. लांडगा कुत्र्याच्या कुळातला. तरस नुसता दिसायला तसा, नातं मांजर-मुंगसाशी जवळचं. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या; तरस तेव्हा तिसऱ्या. तरस बिळाशी हाडं साठवतो, लांडगा नाही. साहेबांपेक्षा मोतीरामला जास्त कळतं, असं लोक म्हणायचे आणि बाबांना ते लई आवडायचं.

फाटकाशी उभ्याउभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं. दुष्काळातला, २०१३चा जानेवारी. इथे प्लॉटिंग होणार होतं. ओढ्याच्या दरडीत बीळ आहे, म्हणून बाबांना पाहणीला पाठवलं. बिळाच्या तोंडाशी वाळलेल्या हाडांचा ढीग होता. बाबांनी लिंबाखाली उभ्यानेच कागदावर लिहिलं, तरसाचं जुनं बीळ, रिकामं. जेसीबीवाला म्हणाला होता, साहेब, एकदा वाकून बघता का? बाबा हसले आणि त्यालाच हाडांचा फरक समजावत बसले. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली.

दुसऱ्या दिवशी ते परत आले, तेव्हा लांडग्याची मादी मुरूम हुंगत होती. तिचे सड दुधाने भरलेले होते. ती आठवडाभर येत होती.

"बीळ तरसाचंच व्हतं," बाबा म्हणाले. "पर त्यात ती व्याली व्हती."

पिल्लं किती होती, असं मी विचारलं.

"वाकलोच नाय, तर मोजणार कसा?"

मला रडू आलं. आवारात अजून उभ्या असलेल्या त्याच लिंबापासून त्यांनी बिळाच्या जागेपर्यंत एकवीस पावलं मोजली आणि ते माझ्या स्कूटरपाशी थांबले.

मग मात्र ते वर आले, राहिले. स्कूटर मी आता रस्त्यावर लावते आणि त्या जागी कुणालाच गाडी लावू देत नाही. सोसायटीच्या दोन नोटिसा आल्यात, येऊ देत. बाबांचे गुडघे फार दुखतात. तरी रोज सकाळी, पाण्याचा टँकर यायच्या आधी, ते खाली जातात, भिंतीला धरून हळूहळू वाकतात आणि फरशीला कान लावतात. मी गॅलरीतून बघते. हाक मारत नाही.