कांताबाईंनी रचलेला डाव

प्रीती जालन्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि अधूनमधून वकिलांना भाषांतरं करून द्यायची. जिल्ह्यातलं प्रकरण खंडपीठात गेलं की मराठी जबाब इंग्रजीत लागतात. दसऱ्याच्या सुमारास अवधूत वकिलांनी तिच्याकडे असाच एक जबाब दिला. तो टेंभुर्णीच्या कांताबाईंचा होता. त्या तिथल्या शाळेत खिचडी शिजवत. आपल्याच भाचीला पळवून नेल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला होता, आणि तो रद्द व्हावा म्हणून वकिलांनी खंडपीठात अर्ज केला होता.

त्यांचा भाऊ अप्पाराव धावड्याला राहत होता. दरवर्षी तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जाई. पंधरा वर्षांची यशोधरा मागं एकटी कशी ठेवायची, या काळजीनं त्यानं तिचं लग्न ठरवलं. मुलगी शाळा सोडायला तयार नव्हती. कांताबाईंनी भावाला दोनदा समजावलं, त्यानं ऐकलं नाही. मग हळदीच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला नेते म्हणून त्या यशोधराला घेऊन निघाल्या. त्यांच्याबरोबर टेंभुर्णीहून आलेल्या शेजारीण सोनूबाईंनी नवरदेवाकडच्या बायांना चहाला बसवून ठेवलं. कांताबाई बांगड्यांच्या दुकानात गेल्याच नाहीत. त्यांनी यशोधराला थेट जालन्याला आणून मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. लग्न मोडलं. नवरदेवाकडच्या लोकांनी अप्पारावाला गावात तोंड काढू दिलं नाही, आणि त्यानं रागाच्या भरात पोलिसात जाऊन बहिणीविरुद्ध फिर्याद दिली.

जबाबात कांताबाईंनी सगळं कबूल केलं होतं. ‘मी अन् सोनूबाईनं डाव रचला. सख्ख्या भावाशी खोटं बोलून पोरगी आणली.’

फोनवर वकील म्हणाले, “मॅडम, त्या डावाचं तेवढं सौम्य करा. ‘अरेंज केलं’ लिहा, म्हणजे व्यवस्था केली. आणि खोटं बोलल्याचं वाक्य गाळता आलं तर बघा.”

“वाक्य गाळता येणार नाही. खाली माझी सही असते,” प्रीती म्हणाली.

पण शब्दाचं काय करायचं, हे तिलाही कळेना. ‘कॉन्स्पायर’ लिहिलं तर कायद्यातला कटच सिद्ध झाल्यासारखा दिसला असता. ‘प्लॉट’मध्ये कुणाचं तरी वाईट करायचा वास होता, ‘स्कीम’मध्ये स्वतःचा फायदा. ‘कॉन्ट्राइव्ह’ जवळचा वाटला, पण त्यात खटपट होती, जिव्हाळा नव्हता. ‘डिव्हाइज’ म्हणजे डोकं लढवून काही तरी काढणं; ते वाचून कांताबाईंनी एखादं यंत्र बनवलं असं वाटलं असतं. आणि ‘प्लॅन’ इतका स्वच्छ होता की त्यात भाऊ कुठे दिसतच नव्हता. मराठीतल्या डावात तर खेळही होता आणि कपटही. वर्गात ती हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत लिहून द्यायची. आता त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नव्हता. रविवारी ती टेंभुर्णीला गेली.

कांताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. जयभीम करून त्यांनी तिला आत बोलावलं आणि सोनूबाईंना हाक मारली.

प्रीतीनं अडचण सांगितली. “इंग्रजीत याला ‘प्लॉट’ पण म्हणतात,” ती म्हणाली.

“प्लॉट तर जमिनीचा असतो की,” सोनूबाई म्हणाल्या.

“दुसरा शब्द ‘स्कीम’ आहे.”

“ती सरकारची असती. आम्हाला कुठली मिळून राह्यली?” सोनूबाई हसल्या. कांताबाई हसल्या नाहीत.

प्रीतीनं विचारलं, “वकील म्हणतात, तुम्ही फक्त व्यवस्था केली असं लिहावं. चालेल?”

“न्हाई बाई. व्यवस्था तर माणूस पाहुण्यांची करतो. मी चोरून केलं.”

“पण मुलीच्या भल्यासाठी केलंत.”

“भल्यासाठीच केलं. पण अप्पाराव माझ्या हाताखाली वाढला. त्याला वाटलं, ताई बांगड्या भरायला नेऊन राह्यली. पोरीच्या हातात त्यानं खर्चायला पैसे बी दिले, ताईला चहा पाज म्हणला.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “त्याच्या डोळ्यात बघून खोटं बोलले मी. ते कागदावर न्हाई आलं, तर त्याला काय लागलं ते कुणाला कळल?”

“मंग पोलिसात का न्हाई गेलात, असं विचारतील,” सोनूबाई म्हणाल्या. “ते बी सांग.”

“पोलिसात गेल्ते तर भाऊ आत गेला असता. मला लग्न मोडायचं होतं, भावाला न्हाई.”

परतताना बसमध्ये प्रीतीच्या लक्षात आलं, आपण सगळं ओझं एकाच क्रियापदावर घालत होतो. घरी येऊन तिनं वाक्य लिहिलं. क्रियापद ‘प्लॅन’ घेतलं, त्याला ‘चोरून’ जोडलं, आणि कुणापासून चोरून तेही ठेवलं. खोटं बोलल्याचं वाक्य होतं तसंच उतरवलं, काही पुसट न करता. वकिलांनी वाचून कपाळाला हात लावला, पण कागद दाखल केला.

सुनावणीला प्रीती मुद्दाम रजा घेऊन गेली. समोरचे वकील त्या दोन वाक्यांवर बराच वेळ बोलले. न्यायमूर्ती बाईंनी मूळ मराठी जबाब मागवून शांतपणे वाचला. मग त्यांनी यशोधराला जवळ बोलावून कुठे राहायचंय ते विचारलं, ती वसतिगृहातच म्हणाली; आणि अप्पारावाला विचारलं की मुलीचं वय ठाऊक होतं का. त्यानं मान खाली घातली. मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत तिचं लग्न करणार नाही असं त्यानं लिहून दिलं. फिर्याद चालवायची नाही म्हणाला. गुन्हा रद्द झाला.

बाहेर व्हरांड्यात कांताबाई एका बाकावर बसल्या होत्या. अप्पाराव त्यांच्याकडे न जाता प्रीतीकडे आला.

“मॅडम, तुम्हीच लिहिलं ना ते इंग्रजीत? माझ्याबद्दल काय हाय त्यात?”

प्रीतीनं कागद काढला आणि इंग्रजीवरून पुन्हा मराठीत वाचून दाखवलं. ‘मी माझ्या सख्ख्या भावाशी खोटं बोलले. त्याचा माझ्यावर विश्वास होता.’ विश्वासाचं वाक्य जबाबाच्या अगदी शेवटी होतं, वकिलांनी त्याबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं.

“असं बोलली ती? पोलिसांपुढं?”

“हो.”

तो कांताबाईंकडे वळला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. बहीण-भावात एक माणूस मावेल एवढी जागा होती.

“लई बदनामी झाली माझी,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मला बोलायचं होतंस.”

“दोनदा बोलले. तू उठून गेल्तास.”

जिन्यापाशी यशोधरा आईचा हात धरून उभी होती, तिकडे तो बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “आम्ही तोडीला गेल्यावर तिला भेटायला कोण जाईल?”

“मी जाईन. रविवारी भेटू देतात.”

“पोरीला थंडी सोसत न्हाई,” अप्पाराव म्हणाला, आणि उठून बायकोकडे गेला.