काळविटाची जागा

सुंदररावांनी पेटीतल्या रिकाम्या खाचेत बोट घातलं आणि ते तसंच ठेवून विचारलं, "आन हे कावून रिकामं?"

शहादेव टेबलाच्या अलीकडे उभा होता. चेअरमन सुंदरराव बस म्हणाले होते, पण पेटी अशी उघडी असताना त्याला बसवत नव्हतं. निळ्या मखमलीत चांदीची अकरा नाणी होती. वाघ, गेंडा, हिमबिबट्या, माळढोक, कस्तुरीमृग. जगातून संपत चाललेली जनावरं. प्रत्येकाखाली पितळी पट्टीवर नाव होतं. बारावी पट्टी होती, नाणं नव्हतं. पट्टीवर लिहिलं होतं, काळवीट.

"लई दिवसांपासून तसंच हाय, साहेब."

"हरवलं?"

"न्हाई. हरवलं न्हाई."

"मग आना की. दात पडल्यावानी दिसतंय. आन हितं तर मखमलीला बी टक्कल पडलंय." बोट फिरवत सुंदरराव हसले.

दूध संघाचा रौप्यमहोत्सव नवरात्रात होता. एरवी संघानं गाईंचं प्रदर्शन भरवलं असतं. पण यंदा पाऊस नव्हता, गाई कडा गावाच्या अलीकडच्या चारा छावणीत उभ्या होत्या आणि त्यांच्या बरगड्या पाहुण्यांना दाखवण्यासारख्या नव्हत्या. म्हणून मग शाळेतल्या मुलांची चित्रं, बचत गटाचे पापड असं काय काय ठरत गेलं. कुणीतरी म्हणालं, आपल्या शहादेवकडे चांदीची जनावरं आहेत. रौप्यमहोत्सवाला चांदी हवीच, असं सुंदररावांना पटलं.

त्यांनी खिशातून कागद काढून शहादेवपुढे धरला. पेटीमागच्या फलकावर काय रंगवायचं ते त्यावर लिहिलं होतं. 'संग्राहक' असा शब्द होता आणि त्याखाली शहादेवचं पूर्ण नाव. शहादेवनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. त्याचं नाव आजवर कुठंही रंगवलेलं नव्हतं. दिवाळीनंतर तो संघातून निवृत्त होणार होता.

"पन पेटी पूर्ण पायजे बरं का," सुंदरराव म्हणाले. "अर्धवट मांडली तर पावने मलाच इचारत्याल."

शहादेवनं मान हलवली. परवा घट बसणार आहेत, हे त्याला सांगायचं होतं. ते त्याच्याकडून सांगून झालं नाही.

संघात तो दुधाची फॅट तपासायचा. नळीत दूध, त्यात अ‍ॅसिड, मग नळ्या चक्रात घालून फिरवायच्या. अ‍ॅसिडनं त्याच्या बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती. पुढं यंत्र आलं, पण बोटं तशीच राहिली. हाताला वेळ मिळाला की तो ग्रामपंचायतीच्या वाचनालयात जाऊन बसायचा. तिथंच एका साप्ताहिकात त्याला या नाण्यांची जाहिरात दिसली होती. पैसे भरले की दर तीन महिन्यांनी टपालानं एक नाणं यायचं. पोस्टात ते सोडवताना हमखास कुणीतरी विचारायचं, "चांदीचं हरीण किती लिटर देतं बे, शहादेव?" तो हसायचा आणि सायकलला टांग मारायचा. भिवराबाई, त्याची बायको, म्हणायची की चांदी अंगावर घालायची असते, पेटीत निजवायची नसते. पण लेकीला, जानकीला, ती नाणी आवडायची.

रविवारी पेटी उघडली की जानकी हात धुऊन यायची. तिला बाकीच्या जनावरांशी काही देणंघेणं नव्हतं. ती फक्त काळवीट उचलायची. वाघ-गेंडे तिनं पाहिले नव्हते, काळविटं मात्र गावामागच्या माळावर रोज दिसायची. पेटीबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलं होतं की नाण्याच्या दर्शनी भागाला बोट लावू नये आणि नाणं कधीही घासू नये. शहादेव हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचा. जानकीला मात्र त्यानं कधी अडवलं नाही. ती नाणं आपल्या हाताच्या आतल्या बाजूला, मऊ कातड्यावर, दाबून धरायची. मग उचलायची. पिळाच्या शिंगांचं छोटं काळवीट तिथं उमटलेलं असायचं.

"बगा दादा, हरीण गोंदलं," ती बापाला म्हणायची.

आणि ते पुसून जायच्या आत आईला दाखवायला धावायची.

तेही साल दुष्काळाचंच होतं. गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि जानकी आष्टीच्या रस्त्यावर, जीपमध्येच गेली. दुसरीत होती.

त्यांच्या घरात गेलेल्या माणसाचा टाक करायची रीत होती. सोनार चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून द्यायचा आणि मग ते माणूस देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या पंगतीला बसायचं. भिवराबाईनं जानकीसाठी तसा टाक मागितला. सासू, छबुबाई, वाईट बाई नव्हती. तिनं रीत सांगितली, "लेकीचा टाक कुनी बसवीत न्हाई गं. लेक दुसऱ्याच्या घरची."

"कोन्च्या घरची, आत्याबाई?" भिवराबाईनं विचारलं.

विषय तिथंच संपला.

पुढं काही दिवसांनी शहादेवनं पेटी उघडली तर काळवीट जागेवर नव्हतं. त्या दसऱ्याला देव्हाऱ्यापुढं वाकताना ते त्याला दिसलं. भवानीच्या टाकामागं, हळदीकुंकू लावलेलं. त्यानं ते तिथंच राहू दिलं. छबुबाईला ते दिसलंच नाही, की दिसूनही तिनं पाहिलं नाही, हे ती गेली तरी कुणाला कळलं नाही. दर सणाला भिवराबाई टाक घासायची, त्यात तेही घासलं जायचं, आणि शहादेव त्या वेळी बाहेर जाऊन बसायचा.

घट बसायच्या दिवशी सकाळी ती ओसरीत टाक घासायला बसली होती. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं एकच तांब्या पाणी घेतलं होतं आणि धुतलेलं पाणी तुळशीसाठी परातीत धरत होती. चिंचेनं आणि राखेनं तिची बोटं काळी झाली होती. खंडोबा, भवानी, सासरे, चुलतसासरे सगळे फडक्यावर ओळीनं निथळत होते. हातात शेवटचं, गोल होतं.

शहादेव उंबऱ्यात येऊन उभा राहिला. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यानं तिला कार्यक्रमाचं सांगितलं होतं, फलकाचं सांगितलं होतं, पेटी पूर्ण हवी हेही भाकरीकडे बघत सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली होती.

"न्यायला आलाव?" तिनं मान वर न करता विचारलं.

"चार दिवसाचा कार्यक्रम हाय. मंग आनून देतो."

"देव आज बसत्याल. एकदा बसले की दसऱ्यापस्तोर हलवीत न्हाईत, आन मधी कुनाला बसवीत बी न्हाईत." तिचा अंगठा नाण्यावर फिरतच होता. "नेली तर ह्या साली ती भायेरच ऱ्हाईल."

तिनं नाणं धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. आता सगळं त्याच्यावर होतं.

इतक्या वर्षांत त्यानं ते हातात घेतलं नव्हतं. त्यानं ते उजेडाकडे धरलं. काळवीट नव्हतं. डोळा गेला होता, पाय गेले होते, शिंगांचा पीळ गेला होता. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या होत्या.

"इतकी घासली?"

"न्हाई घासली तर काळी पडती ती," भिवराबाई म्हणाली.

शहादेवनं सदऱ्याची बाही वर केली. नाणं हाताच्या आतल्या बाजूला दाबून धरलं, बराच वेळ, मग उचललं. कातड्यावर नुसता एक गोल उमटला होता. भिवराबाई तो गोल पुसट होत होत जाईपर्यंत बघत राहिली.

"कुठं बसवायची?" त्यानं विचारलं.

तिनं परात बाजूला सरकवली.

"भवानीच्या मागं," मग ती म्हणाली. "पानावर. तिथंच असती ती."

तो देव्हाऱ्यापुढं बसला आणि विड्याच्या पानावर त्यानं आपल्या हातानं नाणं ठेवलं.

सुंदररावांना त्यानं इतकंच सांगितलं की ते नाणं मिळणार नाही. त्यांनी लगेच तोड काढली. बंकट सोनाराकडून हरणाचा ठसा मारून घ्यायचा, काचेआड कुणाला काय कळतंय. शहादेव म्हणाला, "न्हाई साहेब. ती जागा तशीच ऱ्हाऊ द्या." सुंदररावांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या तोंडून 'न्हाई' त्यांनी ऐकलं नव्हतं. रागावले मात्र नाहीत. फलकाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

पेटी सभागृहाच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ मांडली गेली. मागं फलक नव्हता. पाहुणे उशिरा आले आणि चित्रांवरूनच परत वळले. पेटीकडे आली ती पाणी प्यायला आलेली माणसं. शेवटच्या दिवशी मुंजाजी आला. हा माळावर मेंढरं राखणारा म्हातारा. काठीवर रेलून तो एकेका जनावराचं नाव विचारत गेला आणि शहादेव सांगत गेला. माळढोकापाशी तो थांबला.

"ह्याला मी पायलाय," तो म्हणाला. "पोरगा होतो तवा. आता लई सालं झाली, न्हाई दिसत." मग त्यानं रिकामी खाच पाहिली. "आन हितं कोन?"

"काळवीट."

"काळवीट व्हय?" मुंजाजीला हसू आलं. "ते तर सकाळीच माज्या मेंढरात चरत हुतं. जे माळावर न्हाई ते मांडलंय, आन जे हाय तेच न्हाई?" आजूबाजूची माणसं हसली. "कुठं गेलं तुमचं काळवीट, शहादेव?"

बचत गटाच्या बायकांबरोबर भिवराबाई आली होती. ती जरा मागं, खांबापाशी उभी होती. शहादेवनं तिच्याकडे पाहिलं.

"घरी हाय," तो म्हणाला.

त्याचा आवाज नेहमी लहान असायचा. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"मंग बरं हाय," मुंजाजी म्हणाला आणि पिंपाकडे वळला.

सभागृह रिकामं झाल्यावर शहादेवनं पेटीवरची काच काढली. भिवराबाई जवळ आली. जानकी गेली त्या वर्षानंतर तिनं या पेटीत कधी डोकावलं नव्हतं. नाण्यांकडे तिनं आताही पाहिलं नाही.

"हितलीच मखमल कशी गेली?" तिनं विचारलं.

खाचेच्या मध्यभागी निळा रंग उरला नव्हता. बोट फिरून फिरून झिजल्यासारखे नुसते धागे दिसत होते. शहादेव काच पुसत राहिला. भिवराबाईनं त्याच्या बोटांकडे पाहिलं, भाजून गुळगुळीत झालेल्या टोकांकडे. मग आपलं बोट, नखाच्या कडेला अजून चिंचेचा काळेपणा असलेलं, तिनं त्या खाचेत ठेवलं. ते त्या झिजल्या जागी नेमकं बसलं.

"झाका आता," ती म्हणाली. "दिव्यात तेल घालायचंय."

शहादेवनं झाकण लावलं आणि पेटी काखेत घेतली.