मापाऱ्याच्या उशाची कात्री

"एकोणपन्नास किलो! गोणी बाजूला!" एवढं ओरडून धोंडीराम मापाऱ्याने काट्यावरचा हात काढला आणि पुढची गोणी घ्यायच्या ऐवजी स्वतःच वाकला. विंचूरच्या बाजारात चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. त्याची बायको लंकाबाई चार हातांवर कांदे निवडत बसली होती. नवरा कांद्यांवर भडाभडा रक्त ओकतोय हे तिने पाहिलं आणि ओटीतले कांदे सांडत ती धावली. तिच्याआधी व्यापारी धावला होता, पण तो कांद्यांकडे.

जीपमध्ये घालून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत वाटेत आणखी दोनदा तेच झालं. तिथला डॉक्टर कोवळा, चष्मेवाला, पण हाताचा धीट होता.

"लिव्हर आक्रसलंय याचं," तो म्हणाला. "रक्ताला तिथून वाट मिळत नाही, म्हणून अन्ननळीतल्या शिरा फुगल्या. त्यातली एक फुटली. दारू किती घेतो?"

"थेंब बी नाय, सायेब. लेकरांची आण."

"कावीळ झाली होती?"

झाली होती. धा वर्षांमागं. तेव्हा गावात कुणीसा पाला नाकात पिळला होता, पिवळे डोळे पांढरे झाले आणि सगळे ती कावीळ विसरून गेले. कावीळ मात्र आत बसून आपलं काम करत राहिली होती.

डॉक्टरने मग बाटलीभर रक्त चढवायला लावलं आणि एक रबरी नळी काढली. नळीला दोन फुगे. नाकातून नळी पोटात घालून फुगे फुगवायचे आणि नळी बाहेरून ताणून धरायची, म्हणजे फुटलेली शीर दाबलेली राहते. ताणायला खाटेवर कप्पी बांधली, कप्पीवरून दोरी आणि दोरीला सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली. रक्त थांबलं. धोंडीराम शुद्धीवर आला तेव्हा त्या लोंबत्या बाटलीकडे बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. जन्मभर मापं केलेला माणूस, त्याला ते वजन काही पटलं नसावं. पण बोलणार कसं?

"उद्या दुपारपर्यंत असंच राहिलं पाहिजे," डॉक्टरने लंकाबाईला बजावलं. "तेवढं निभावलं तर माणूस तुमचा. हलायचं नाही, बोलायचं नाही." मग त्याने एक कात्री पट्टीने खाटेच्या उशाच्या गजाला बांधली. "फुगा वर सरकला तर श्वास कोंडेल. तोंड निळं पडलं की मला शोधत बसू नका. इथे, नाकापाशी नळी कापायची आणि ओढून काढायची. जमेल?"

"जमंल," लंकाबाई म्हणाली. दुसरं म्हणणार काय? रात्रभर तिने कात्रीवरची नजर काढली नाही.

सकाळी दहाला गाव आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बावीस माणसं. गावात कुणी आजारी पडलं की भेटून दोन शब्द सांगितल्याशिवाय कुणाला घास गोड लागत नाही. आणि या खेपेला दोन शब्द सगळ्यांचे एकच होते. रक्त ओकला, लिव्हर गेलं, म्हणजे पीत होता.

"कव्हापासून चालू होती रं?" "आम्हाला कळू बी दिलं नाय!" "लय पक्का निघाला!"

धोंडीराम डोळे वटारून बघत राहिला. लंकाबाई प्रत्येकाला कावीळ समजावून सांगे, प्रत्येकजण मान डोलवी आणि पुढच्याच्या कानात दारूचंच सांगे. तेवढ्यात नर्सने औषधाची चिठ्ठी दिली, म्हणून ती नणंदेला, सिंधुबाईला म्हणाली, "वन्स, दोन मिन्टं बसा. कशाला हात लावू नका."

ती परतली तेव्हा खाटेशी झिपरू उभा होता. झिपरू हमाल, धोंडीरामाचा लहानपणचा दोस्त. दिवस उगवायच्या आत हातभट्टीची घेणारा आणि दोन गोण्या पाठीवर घेऊन पळणारा. आत्तासुद्धा त्याच्या वासाने शेजारच्या खाटेवरचा पेशंट तोंड फिरवून बसला होता.

"धोंड्या," झिपरू डोळे पुसत म्हणाला, "आरं, कशाला पितो? काय मिळतं त्यात? माझ्याकडं बघून तरी शिकायचं व्हतं! सोड बाबा. पोरंबाळं हायेत तुला."

आजवर कुणाच्या बापाला भ्यायला नव्हता धोंडीराम, आणि झिपरूने त्याला दारू सोडायला सांगावी! तो ताडकन उठून बसला. तोंडातून शब्द काही फुटेना, म्हणून त्याने नळीलाच हिसडा दिला. बाटली आपटली, दोरी सैल पडली, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. श्वास नाही, आवाज नाही. ओठ जांभळे पडू लागले.

लंकाबाईने गजाकडे झेप घेतली. गजाला नुसती पट्टी लोंबत होती.

"कात्री! कात्री कुठंय?"

"उशाखाली ठेवली ना मी," सिंधुबाई शांतपणे म्हणाली. "डोक्यावर टांगायची असती व्हय कात्री? घरात भांडणं व्हत्यात. लोखंड उशाखाली ठेवावं, म्हंजी बाहेरचं काय जवळ येत नाय. बाळंतिणीला नाय का ठेवत? तुमच्या डॉक्टरला एवढं बी कळंना."

लंकाबाईने नणंदेला कोपराने ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. उशी ओढून फेकली, कात्री उचलली, नाकापाशी नळी कापली. हवा फुस्सकन सुटली. तिने डोळे मिटून नळी ओढली तशी ती फूटच्या फूट निघत आली. धोंडीराम आचका देऊन खोकला. मग त्याने घशातून घरघर करत एवढा मोठा श्वास घेतला की दारातून धावत आलेला डॉक्टर जागच्या जागी थांबला.

डॉक्टरने नाडी बघितली, तोंडात टॉर्च मारली. तासभर सगळी खोली त्याच्या तोंडाकडे बघत होती. रक्त पुन्हा आलं नाही.

"नशीब शीर धरून राहिली," तो म्हणाला. "पण हे कायमचं नाही. मुंबईला नेऊन त्या शिरांना इंजेक्शनं द्यावी लागतील. आणि बाई, तुम्ही अगदी वेळेवर कापलीत."

"लोखंड उशाला व्हतं म्हणून," सिंधुबाई म्हणाली.

धोंडीरामाने बोट वर केलं. बावीस माणसं पुढे सरकली. घसा सोललेला, आवाज फाटका. त्याने झिपरूकडे बघत एकेक शब्द बाहेर काढला.

"आयुष्यात... एक थेंब... घेतला नाय मी."

झिपरूने हात जोडले. "ऱ्हाऊ दे. झालं गेलं गंगेला मिळालं. आता सुटली ना? बास!" आणि लोकांकडे वळून म्हणाला, "मी सांगितलं अन् सुटली! आता एवढ्या आनंदाला मी कोरडा कसा ऱ्हाऊ?" तो पायजमा सावरत जिन्याकडे निघाला. त्याच्यामागे आणखी चौघे आनंद साजरा करायला गेले.

"झिपऱ्या! थांब भडव्या!" धोंडीराम खेकसला.

"बोलू नका!" डॉक्टर ओरडला. "घशाला त्रास होईल!"

"बोलू द्या वो सायेब, थोडंच," लंकाबाई म्हणाली आणि खाली फरशीवर बसून मोठ्याने रडू लागली. वर धोंडीराम एकेकाचं नाव घेऊन शिव्या मोजत होता, आणि तिला त्यातली एकही चुकवायची नव्हती.